कुलाब्याचा टिफ्रॅक



संगणकाच्या इतिहासातले टप्पे सांगायला बसलं, की बोलणं 1946 च्या अमेरिकन एनिअ‍ॅकपासून सुरू होतं आणि बहुधा अमेरिकेतच संपतं. आज मला मुंबईत, कुलाब्याला बांधलेल्या एका यंत्राबद्दल बोलायचं आहे. आपल्याकडे त्याचं नाव फार कमी घेतलं जातं, याची मला खंत वाटते.

डॉ. होमी भाभांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1954 च्या सुमारास संगणक बांधायचं ठरलं. विकत घेता आला असता. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनं त्याच काळात इंग्लंडहून आणवलाही. इथे मात्र घरीच बांधायचा आग्रह धरला गेला. प्रमुख होते आर. नरसिंहन, अमेरिकेतून गणितात डॉक्टरेट करून परतलेले. हाताखालच्या तरुणांनी तोवर संगणक वापरलेलाही नव्हता! 1956 मध्ये नमुन्याचं छोटं यंत्र चाललं, 1960 मध्ये पूर्ण आकाराचं. 1962 मध्ये पंडित नेहरूंनी त्याचं नाव ठेवलं, टिफ्रॅक.

अठरा फूट लांब, आठ फूट उंच पोलादी सांगाडा आणि त्यात सुमारे 2,700 व्हॉल्व्ह. जुन्या रेडिओत तापून तांबूस उजळायचे, त्याच जातीचे. पण खरं कसब होतं ते स्मृतीत. फेराइटची एक बारीक कडी घ्यायची, तिच्यातून तारा ओवायच्या. तारांतून वीज एका दिशेनं सोडली की कडीचं चुंबकत्व एका बाजूला वळतं, तो 1. उलट सोडली की 0. गंमत अशी, की कडीतलं वाचताना ते पुसलंही जातं, म्हणून वाचलेलं लगेच पुन्हा लिहावं लागतं. एका शब्दाला, म्हणजे एकत्र लिहिल्या-वाचल्या जाणाऱ्या अंकांच्या गटाला, असे 40 अंक, आणि शब्द 2,048. म्हणजे 81,920 अंकांची जागा. आजच्या फोनवरचा एक फोटोसुद्धा त्यात मावायचा नाही.

यंत्र पुरं होईस्तोवर परदेशात ट्रान्झिस्टरचे संगणक आले होते. म्हणून काही जण टिफ्रॅकला जन्मतःच जुना म्हणतात. मला हे पटत नाही. यंत्र मागं पडलं. माणसं मागं पडली नाहीत. 1964 मध्ये संस्थेत सीडीसी 3600 हा मोठा अमेरिकन संगणक आला, तेव्हा तो हाताळायला टिफ्रॅकवर शिकलेली मंडळी तयार होती. पुढच्याच वर्षी कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली, आणि तिचे पहिले अध्यक्ष झाले नरसिंहन.