दहा दिवसांची छत्तीस मिनिटं



पाऊस कधी येईल ते हवामान खातं सांगतं, खरं नाहीतर खोटं. वीज किती वेळा जाईल हे मात्र कोणी सांगत नाही. आमचं म्हणणं असं की ते सांगता येतं, आणि पावसापेक्षा सोप्या हिशेबानं.

सबस्टेशनपासून विहिरीपर्यंत वीज एकाच वाटेनं येते. ११ केव्हीची लाईन, मग डीपी, मग खालच्या तारा. यातलं एक गेलं की मोटार बंद. म्हणून प्रत्येकाचे बिघाड मोजून बेरीज करायची. समजा, फिडर २० किलोमीटरचा आहे आणि दर किलोमीटरला दोन वर्षांत एक बिघाड होतो. म्हणजे वर्षाला लाईन १० वेळा बंद पडणार. दुरुस्तीला ४ तास धरले तर ४० तास गेले. मृगाआधी फांद्या तोडल्या तर आकडा उतरतो, नाही तोडल्या तर चढतो.

डीपीचंही तसंच. ६३ केव्हीएच्या डीपीवर पाच अश्वशक्तीच्या दहा-बारा मोटारी बऱ्या चालतात. वर वीस जोडल्या, त्यात प्रत्येकाचा ऑटोस्विच. वीज आली की सगळ्या एकाच क्षणी उठतात आणि सुरू होताना कितीतरी पट करंट ओढतात. ती डीपी रब्बीत जळणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. (आकडे टाकणारे आपल्यातलेच असतात, तेही इथं बोललं पाहिजे.)

आता कागदावरचा हिशेब बघा. वीज किती तास गेली हे सर्व ग्राहकांत वाटून सरासरी काढतात, त्याला 'सैडी' म्हणतात. एका डीपीवरचे ५० शेतकरी १० दिवस अंधारात राहिले, म्हणजे १२,००० ग्राहक-तास. उपविभागात २०,००० ग्राहक असले तर भागाकार येतो ०.६ तास. आपले दहा दिवस तिथं छत्तीस मिनिटं होतात!

आपल्या कोरडवाहूला विहिरीचं एखादंच पाणी. कपाशीची बोंडं भरताना, नाहीतर रब्बी ज्वारी पोटरीत असताना. त्याच पंधरवड्यात डीपी गेली तर वर्षाच्या सरासरीचं काय लोणचं घालायचं? आम्हाला सरासरी नको, आमच्या फिडरचा, आमच्या डीपीचा आणि त्या पंधरवड्याचा अंदाज हवा.

मागायला आधार आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे सेवेची मानकं पाळली नाहीत तर ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. कलम ५९ प्रमाणे कामगिरीची माहिती कंपनीनं आयोगाला द्यायची आणि आयोगानं ती वर्षातून एकदा तरी छापायची.

पण नुसत्या तोंडी तक्रारीवर भरपाई मिळत नाही. म्हणून प्रत्येक डीपीमागं एक वही करा. तारीख, वीज कधी गेली, कधी आली, काय बिघडलं, तक्रारीचा नंबर. भारनियमनाचे तास वेगळ्या रकान्यात लिहा, बिघाडात मिसळू नका. पुढच्या जिल्हा बैठकीला वह्या घेऊन या, आपण फिडरवार बेरीज करू.