तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही



तोंडाच्या कॅन्सरचा विषय निघाला की एक प्रश्न हटकून येतो. "मॅडम, तुकडा काहाले काढता जी? ब्लेड लागलं का पसरते म्हणते." माणूस नागपूरचा असो, भंडाऱ्याचा की गडचिरोलीचा, प्रश्न हाच. म्हणून आज बाकीचं थोडक्यात सांगते आणि याचं उत्तर सविस्तर देते. तोंडातल्या चट्ट्याचा तुकडा तपासणीसाठी काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. तुकडा काढायला उशीर केल्यानं पसरतो.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्याकडे रुग्ण क्वचित येतो. येतो तो फॉर्मालिनच्या डबीत ठेवलेला, तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा. तो मेणात बसवतात, मायक्रोटोमवर त्याचे चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप घेतात, रंगवतात आणि मग ती काच मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहते. निरोगी गालाचं अस्तर शिस्तीचं असतं. तळाशी ठेंगण्या पेशींची एक ओळ, वर जाल तशा त्या चपट्या होत जातात, शेवटी गळून पडतात. नव्या पेशी फक्त तळाशी तयार होतात. बिघडलेल्या अस्तरात केंद्रकं मोठी आणि गडद दिसतात, आकार वेडेवाकडे होतात आणि विभाजन भलत्याच वरच्या थरात चाललेलं असतं. या अस्तराखाली एक अगदी पातळ पडदा असतो. बिघडलेल्या पेशी त्याच्या वर आहेत, की त्याला भेदून खाली उतरल्यात? सगळा निकाल इथे लागतो. वर असल्या तर तो अजून कॅन्सर नाही, तिथेच थांबवता येतं. खाली उतरल्या तर कॅन्सर. हे नुसत्या डोळ्यांनी कोणालाच कळत नाही, कितीही मोठा डॉक्टर असला तरी.

आता पसरण्याचं. कॅन्सरची पेशी शेजारच्या पेशींना धरून ठेवणारं प्रथिन सोडून देते, पडदा विरघळवणारी विकरं स्वतःच तयार करते, लसिकावाहिनीत शिरते आणि मानेतल्या गाठीत जाऊन बसते. याला ब्लेड लागत नाही. तुम्ही घरी बसून हळद लावत असता, तेव्हाही तिचं हे काम चालूच असतं.

मग गावात असं का बोलतात? कारण माणूस येतो तोच सहा-आठ महिने काढून. तोवर मानेत गाठ आलेली असते. त्या अवस्थेत तुकडा काढतात, निदान होतं आणि पुढे काही महिन्यांत तो जातो. लोक म्हणतात, तुकडा काढला म्हणून गेला. आधीचे महिने कोणी मोजत नाही.

हे माझ्या कागदावर लिहिलेलं नाही, तरी बोलते. तिशी-पस्तिशीतल्या पोरांचे रिपोर्ट माझ्या हातानं लिहावे लागतात. सोबतच्या फॉर्मवर लिहिलेलं असतं, चट्टा आठ महिन्यांपासून. अहो, सातबारा पाहिल्याशिवाय तुम्ही एकरभर शेत घेत नाही, आणि तुकडा न तपासता कोणाच्याही हातचा झाडपाला तोंडात कसा लावता? राग येतो, आणि त्याहून जास्त वाईट वाटतं. यातल्या पुष्कळांना वाचवता आलं असतं.

खर्ऱ्याबद्दल आता. पानठेल्यावर पन्नीत घोटून मिळतो त्यात तंबाखू, सुपारी आणि चुना असतो. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स डीएनएला चिकटून त्यात चुका घडवतात. अशा चुका झाल्या की पी-५३ हे प्रथिन पेशीला थांबवतं, दुरुस्त करायला लावतं, नाहीतर मरायला लावतं. त्याचंच जनुक बिघडलं की पेशीला आवरणारं कोणी उरत नाही. साधी पेशी ठरावीक वेळा विभागून म्हातारी होते, हे हेफ्लिक या शास्त्रज्ञानं १९६१ मध्ये दाखवलं. कॅन्सरची पेशी ते म्हातारपणही चुकवते.

"मी फक्त सुपारी खातो" म्हणणाऱ्यांनी ऐकावं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २००४ मध्येच सांगितलं की तंबाखू नसली तरी सुपारीनं कॅन्सर होतो. सुपारीतल्या अरेकोलीनमुळे गालाच्या आत तंतू साठत जातात, गाल कडक होतो, सावजी रस्सा झोंबायला लागतो, तोंड उघडेनासं होतं. स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का पाहा. जात नसतील तर दाखवून घ्या.

ही माहिती नुसती परदेशातून आलेली नाही. तंबाखू आणि तोंडाचा कॅन्सर यांचं नातं मुंबईत डॉ. वसंत रामजी खानोलकरांनी अभ्यासलं. त्यांच्या विद्यार्थिनी, पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे, यांनी पेशी शरीराबाहेर वाढवण्याची देशातली पहिली प्रयोगशाळा मुंबईच्या भारतीय कॅन्सर संशोधन केंद्रात उभारली. अशा संशोधनाला माणसाच्या पेशीही लागतात. कोणीतरी तुकडा काढू दिला, म्हणून आज आपल्याला एवढं कळतं.

बाकीचं एकेका वाक्यात. टोचणारा दात दंतवैद्याकडून घासून घ्या. खर्रा सोडण्यासाठी मदत हवी असेल तर १८००-११२-३५६ हा क्रमांक मोफत आहे. सोडल्यावर धोका कमी होत जातो, पण आधीचा चट्टा दाखवायचा राहू देऊ नका.

आणि पुन्हा तेच, कारण ते पुन्हा सांगावंच लागतं. तोंडाचं अस्तर दोन-तीन आठवड्यांत नवं होतं. म्हणून साधा फोड, साधी जखम तेवढ्यात भरते. पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम, गालातली गाठ तीन आठवड्यांनंतरही असेल, दुखत नसली तरीही, तर तुकडा तपासायचा. सुरुवातीला कॅन्सर दुखत नाही, हाच तर धोका आहे. तुकडा भूल देऊन काढतात, काही मिनिटांचं काम असतं. नागपुरात मेडिकलच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय आहे, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कॅन्सर रुग्णालय आहे, तिथे जा.

घरच्या बायांना माझं सांगणं: नवऱ्याच्या, पोराच्या तोंडात चट्टा दिसला त्या दिवशीच भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. तिथून तीन आठवडे मोजा. तोवर बरं झालं तर उत्तमच. नाही झालं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला सोबत घेऊन निघा, आणि डॉक्टरांनी तुकडा काढू म्हटलं तर लगेच हो म्हणा.