डॉलर आला दरीतून

डॉलरचा भाव आपण रोज बातम्यांत ऐकतो. हे नाव आलं कुठून, ते आज आम्ही सांगणार आहोत.

चेक प्रजासत्ताकात डोंगरात याखिमोव्ह नावाचं गाव आहे. त्याचं जुनं जर्मन नाव योआखिमस्टाल, म्हणजे संत योआखिमची दरी. ‘टाल’ म्हणजे दरी. इथं चांदीच्या खाणी लागल्या आणि १५२०च्या सुमारास मोठाली, जड नाणी पडू लागली. पैठणची ती पैठणी, तसा योआखिमस्टालचा तो ‘योआखिमस्टालर’. एवढं लांबलचक कोण म्हणणार? नुसतं ‘टालर’ उरलं. त्याचंच पुढे इंग्रजीत ‘डॉलर’ झालं.

पण चांदी काढणाऱ्यांचं काय? या गावात अग्रिकोला नावाचे वैद्य होते. खाणींवरचा त्यांचा ग्रंथ १५५६ मध्ये निघाला. खाणीतली धूळ फुफ्फुसं पोखरते, असं त्यांनी लिहिलं. कार्पेथियन डोंगरातल्या खाणींकडे तर एकामागून एक सात नवरे याच रोगानं गेलेल्या बायका आहेत, हेही नोंदवलं.

दरीचं नाव जगभर झालं. त्या बायकांची नावं मात्र कुणी लिहून ठेवली नाहीत. आम्हाला वाटतं, चांदीची किंमत सांगताना तीही सांगायला हवी होती.