सोसणं वेगळं, सावरणं वेगळं

(तरुण नोकरदारांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



नोकरीच्या ठिकाणी पिढ्यांमध्ये पडणारं अंतर आणि मनाची ताकद, या विषयावर मला बोलायला सांगितलं आहे. यावर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. वरिष्ठ म्हणतात, "आजकालच्या पोरांना काही सोसतच नाही." तरुण म्हणतात, "यांना नोकरी म्हणजे गुलामीच वाटते." मी तिशीतला सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. माझे साहेब पन्नाशीचे, टीममधली मुलं बावीस-तेवीसची. त्यामुळे ही दोन्ही वाक्यं मी एकाच कॅन्टीनमध्ये ऐकतो. मला वाटतं, हा फरक स्वभावाचा कमी आणि सौद्याचा जास्त आहे.

आपल्या आधीच्या पिढ्यांनी काय पाहिलं? जानेवारी १९८२ मध्ये मुंबईत गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. हजारोंना पुन्हा गिरणीत पाऊल ठेवता आलं नाही. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांवर तर माग बंद म्हणजे मजुरी बंद, असाच हिशेब. हे पाहिलेल्या घरांत एक शिकवण पक्की झाली: कायमची नोकरी लागली तर ती धरून ठेवायची, साहेबासमोर तोंड उघडायचं नाही. बदल्यात महिन्याचा पगार, प्रॉव्हिडंट फंड आणि सरकारी नोकरी असेल तर पेन्शन मिळायची. निष्ठा द्या, सुरक्षितता घ्या, असा तो सौदा होता.

आता सौदा बदलला आहे. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सरकारी नोकरीत लागणाऱ्यांसाठी जुनी पेन्शन योजना बंद झाली. खासगी क्षेत्रात तर २०२२ च्या अखेरीपासून जगभरातल्या मोठ्या टेक कंपन्यांनी हजारोंच्या संख्येने माणसं कमी केली. त्याच नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी आलं आणि नवशिक्यांना दिली जाणारी बरीच कामं यंत्र करू लागलं. नोकरीची खात्री नसेल, तर तेवीस वर्षांचा मुलगा रात्री अकराला लॅपटॉप का उघडायचा, असं विचारणारच. तो आळशी नाही, त्याने हिशेब केला आहे. आणि वडील "टिकून राहा" म्हणतात, तेही जुन्या विचारांचे म्हणून नव्हे. त्यांनी टिकलेली घरं आणि मोडलेली घरं, दोन्ही पाहिली आहेत.

शिवाय २०२० आणि २०२१ मध्ये नोकरीला लागलेल्या अनेकांनी पहिले कित्येक महिने ऑफिस पाहिलंच नाही. साहेब "बघू" म्हणाले की त्याचा अर्थ बहुधा "नाही" असतो, हे शेजारच्या खुर्चीवर बसून कळतं, स्क्रीनवर कळत नाही. मग वरिष्ठांना मेसेजवरचा नुसता अंगठा उद्धट वाटतो आणि मुलांना अचानक आलेला फोन धमकीसारखा वाटतो.

आता मनाच्या ताकदीकडे येतो. आपण तिचा अर्थ बहुतेकदा "सोसणं" असा घेतो. माझ्या क्षेत्रात तसा घेत नाहीत. एखादी सेवा ९९.९ टक्के वेळ चालेल असं आम्ही ठरवतो, तेव्हा वर्षातले जवळपास पावणेनऊ तास ती बंद पडू शकते, हे आम्ही आधीच धरलेलं असतं. नेटफ्लिक्सने २०१२ मध्ये 'कॅऑस मंकी' नावाचं साधन सर्वांसाठी खुलं केलं. ते कामाच्या वेळेत चालू सर्व्हर मुद्दाम बंद पाडतं. कारण सर्व्हर कधीतरी पडणारच. प्रश्न इतकाच, की तो पडल्यावर भार उचलायला दुसरा आहे का, आणि पडल्याचं वेळेवर कुणाला कळतं का?

हाच प्रश्न स्वतःला विचारा. आपल्यातले अनेक जण घरातले पहिले इंजिनिअर, पहिले पदवीधर आहेत. अब्बांची औषधं, बहिणीची फी, घराचा हप्ता, सगळं एकाच पगारावर. म्हणजे सगळा भार एकाच सर्व्हरवर, आणि तो पडू शकतो हे घरात कुणाला सांगितलेलंच नाही.

आपल्यावर आणखी एक ओझं असतं. एका टीममध्ये आपल्यातल्याच एका नव्या मुलाने रात्री चुकीच्या डेटाबेसवर स्क्रिप्ट चालवली. सेवा दोन तास बंद पडली. त्याला नोकरी जाण्याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. तो म्हणाला, "आता म्हणतील, यांना घेतलं की असंच होतं." एका माणसाची चूक आणि हिशेब सगळ्या समाजाचा! दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत पन्नाशीच्या मॅनेजरबाईंनी "कुणी केलं?" असं विचारलं नाही. "दुसऱ्या कुणाच्या मंजुरीशिवाय ही स्क्रिप्ट चालूच कशी शकली?" असं विचारलं. मंजुरीची पायरी वाढवली गेली. मुलगा आजही तिथेच काम करतो. त्याला सावरलं ते त्याच्या सोसण्याने नाही, त्या प्रश्नाने. आणि तो प्रश्न जुन्या पिढीतल्या बाईंनी विचारला होता, हेही लक्षात ठेवा.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो.

पहिली, पैशांची. किमान तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला साठवा. लग्नाचा हॉल आणि नवी बाईक थांबू शकते. हातात तीन महिने असले की "नाही" म्हणताना आवाज कापत नाही.

दुसरी, घरात पगार सांगता तशी नोकरीची अवस्थाही सांगा. अम्मी-अब्बांना प्रोजेक्ट कळणार नाही, पण काम बंद पडणं म्हणजे काय, हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं.

तिसरी, गरज आधी आणि स्पष्ट मांडा. रमजानमध्ये इफ्तारच्या वेळी मीटिंग आली की आधीची पिढी खिशातला खजूर गुपचूप तोंडात टाकायची. तुम्ही महिना सुरू होण्याआधीच सांगा, "पावणेसातच्या सुमारास मला अर्धा तास लागेल, सकाळी मी लवकर येईन." बहुतेक वेळा कॅलेंडर बदलून मिळतं. नाही मिळालं, तर आपण कुठे काम करतो हे तरी कळतं.

चौथी, झोप उडाली, कामाचा तिटकारा आला, रविवारी संध्याकाळी छातीत धडधडू लागलं, तर त्याला ईमान कमी पडलं असं समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'बर्नआउट'ची नोंद कामाशी जोडलेली अवस्था म्हणून केली आहे. सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. दुआ करा आणि फोनही करा.

शेवटचं, आपल्यापैकी जे आता टीम लीड झाले आहेत त्यांच्यासाठी. "आम्ही पण सोसलं" हे वाक्य जिभेवर आलं की थोडं थांबा. आपण सोसलं ते दुसरा मार्ग नव्हता म्हणून. आज समोरच्या मुलीला मार्ग देणं आपल्या हातात असेल, तर तो द्यायला हवा.

 आता तुमचे प्रश्न घेऊ या.