सेवाही शिकावी लागते



दिवसभर शेतात राबून तुम्ही रात्री वर्गाला येता. म्हणून मी फार वेळ घेत नाही. आज घरातल्या म्हाताऱ्या माणसांविषयी चार गोष्टी सांगतो. पहिली गोष्ट माझ्याच चुकीची आहे.

सन २००४ मध्ये माझी आई न्हाणीत घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. ती अंथरुणाला खिळली. मी शाळेचा हेडमास्तर. पण आजारी माणसाला कुशीवर कसं वळवावं, हे मला ठाऊक नव्हतं. तिला दुखेल म्हणून मी तिला हलवीतच नसे. काही दिवसांनी माकडहाडावर लाल डाग दिसला. मी त्यावर तेल घालून जोरानं चोळलं. मला वाटलं, मी सेवाच करतो आहे. पुढं तिथली कातडी फुटली. मोठी जखम झाली. तालुक्याहून नर्सबाई आल्या. त्या म्हणाल्या, "गुरुजी, डाग दिसला तेव्हाच बोलवायचं होतं. चोळल्यानं कातडी जास्त खराब होते." आई शेवटपर्यंत त्या जखमेनं कण्हत होती. मला मात्र एका शब्दानं बोलली नाही.

तेव्हा मला कळलं, की नुसती माया पुरत नाही. नांगर धरायला शिकावं लागतं, तशी सेवाही शिकावी लागते. ती कशी करावी, ते ऐका.

ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. एकाच जागी भार पडला, की तिथलं रक्त अडतं आणि कातडी मरते. लाल डाग चोळू नये. त्या जागेवर भार येऊ देऊ नये.

आडव्या माणसाच्या तोंडात पाणी किंवा पेज ओतू नये. ती श्वासनळीत जाते. आधी बसतं करावं. लहान लहान घास द्यावे. जेवल्यावर अर्धा तास तरी बसवून ठेवावं.

उठवताना दंडाला धरून ओढू नये. खांद्याला इजा होते. आपण गुडघ्यात वाकावं, त्याला अंगाजवळ घ्यावं, मग उठवावं. म्हणजे आपलीही कंबर धरत नाही.

एखादी आजी पुन्हा पुन्हा तेच विचारते, घरची वाट विसरते. तिला म्हातारचळ लागला म्हणून हसू नये. तो मेंदूचा आजार असू शकतो. डॉक्टरांना दाखवावं.

हे सारं शिकवणारे वर्ग आज निघाले आहेत. सन २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसं दहा कोटींहून अधिक होती. पोरं पोटासाठी पुण्या-मुंबईला जातात. मागं म्हातारी राहतात. मग त्यांना पाहणार कोण? दुसऱ्या देशांपुढेही हाच प्रश्न आहे. थायलंड देशात गावचीच माणसं शिकवून तयार केली जातात. ती अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊन सेवा करतात.

आपल्याकडे केंद्र सरकारची राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्था दिल्लीला आहे. ती वृद्धसेवा शिकवण्याचं काम करते. सन २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली. तिच्यातही घरी जाऊन रुग्णाची सेवा करण्याचं शिक्षण आहे. त्याची फी शिकणाऱ्यानं भरायची नसते, सरकार भरतं. शिकलेल्या माणसाला या कामाची मजुरी मिळते.

चौकशी जिल्ह्याच्या गावी कौशल्य विकास केंद्रात करा. वर्ग कुठं आहे? किती दिवसांचा? किती शिक्षण लागतं? प्रमाणपत्र मिळतं का? हे चार प्रश्न विचारा. "आधी पैसे भरा, मग नोकरी देतो," असं कोणी म्हणालं, तर त्याला पैसे देऊ नका. म्हाताऱ्या माणसांच्या अडचणींसाठी १४५६७ हा सरकारी फोन आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

कोणी म्हणेल, सेवा हे बायकांचं काम. मी म्हणतो, आई मुलाचीही असते. सुनेनं शिकावं, तसंच मुलानंही शिकावं.

तुम्हाला आता वाचता येतं. वर्गाचा फॉर्म स्वतः वाचा, मग सही करा. पण आज घरी गेल्यावर एवढं करा. अंथरुणावर कोणी म्हातारं माणूस असेल, तर दिवा घेऊन त्याची पाठ, कंबर आणि टाचा पाहा. लाल डाग दिसला, तर चोळू नका. कूस बदलून द्या आणि सकाळी आशाताईंना कळवा.

मला हे वेळेवर कोणी सांगितलं नाही. मी तुम्हाला सांगितलं.