अपुऱ्या दिवसांचे मूल आणि मोखाड्याची वाट

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

ऑगस्ट 2022 मध्ये मोखाडा तालुक्यातील एका पाड्यावर सातव्या महिन्यातच एक माता घरी प्रसूत झाली. जुळी बालके जन्मली आणि उपचार मिळण्यापूर्वीच मातेच्या डोळ्यांदेखत दगावली. पाड्यापर्यंत रस्ता नव्हता. रक्तस्राव होत असलेल्या त्या मातेस नातलगांनी झोळीत घालून निसरड्या उताराने सुमारे तीन किलोमीटर चालत मुख्य रस्त्यापर्यंत आणले. माता वाचली. ही घटना वृत्तपत्रांतून सर्वांनी वाचली आहे. पण रस्त्याची चर्चा झाली तेवढी त्या दोन अर्भकांची झाली नाही. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगावयाचे तर त्यास नेमके काय लागते, हा प्रश्न मागेच राहिला.

जव्हार-मोखाड्याचे नाव बालमृत्यूंच्या संदर्भात प्रथम गाजले ते 1992-93 च्या सुमारास, वावर-वांगणी येथील बालकांच्या मृत्यूंमुळे. त्या वेळी हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. पालघर जिल्हा अस्तित्वात आला 1 ऑगस्ट 2014 रोजी. तेव्हापासून कुपोषण हा शब्द या डोंगराळ मुलखास चिकटला, आणि तो खोटाही नाही. तथापि, बालमृत्यूंचा फार मोठा वाटा जन्मानंतरच्या पहिल्या अठ्ठावीस दिवसांत पडतो, आणि त्यातही पहिला आठवडा अधिक घातक असतो. 2020 च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात दर हजार जिवंत जन्मांमागे 16 अर्भके वर्षाच्या आत दगावली. त्यांपैकी 11 पहिल्या महिन्यातच. राज्याचा हा आकडा देशाच्या मानाने समाधानकारक आहे, परंतु सरासरीच्या पोटात मुंबईही असते आणि मोखाडाही असतो, हे विसरता येत नाही.

सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे, आणि अडीच किलोंहून हलके ते कमी वजनाचे मानतात. अशा मुलाच्या कातडीखाली चरबीचा थर नसतो. त्यामुळे त्याची ऊब झपाट्याने निघून जाते. गार पडलेले मूल दूध ओढत नाही, रक्तातील साखर उतरते, श्वास मंदावतो. चौतीस आठवड्यांच्या आतील मुलास चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ साधत नाही. त्याहून अगोदरच्या मुलाच्या फुप्फुसात हवेचे पुडे उघडे ठेवणारा स्निग्ध पदार्थच पुरेसा तयार झालेला नसतो. जंतुसंसर्गाशी झुंजण्याचे बळही तोकडे. जुन्या सुइणी अशा मुलास कापसात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवीत. त्यामागील समज बरोबर होती. चुलीचा धूर मात्र त्याच दुबळ्या फुप्फुसांत जात असे.

रुग्णालयातील नवजात शिशू अतिदक्षता कक्ष या एकेका उणिवेची भरपाई करतो. वरून उष्णता देणारे वॉर्मर, नाकावाटे हलक्या दाबाने हवा देऊन फुप्फुसे उघडी ठेवणारे यंत्र, नळीने थेंब थेंब आईचे दूध, काविळीसाठी निळा प्रकाश. जव्हारच्या पतंगशाह कुटीर रुग्णालयात अशा अर्भकांसाठी विशेष कक्ष आहे. मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयापासून तो सुमारे 25 किलोमीटर. त्यापलीकडे गरज पडली तर त्र्यंबकेश्वरमार्गे नाशिकची वाट धरावी लागते. कागदावर हे अंतर थोडे वाटते. आषाढात ते थोडे नसते.

यंत्रे आली म्हणजे काम झाले, असेही नाही. प्राणवायू अधिक दिला तर अपुऱ्या दिवसांच्या मुलाची दृष्टी जाऊ शकते. म्हणून मात्रा मोजावी लागते व पुढे डोळ्यांची तपासणी करावी लागते. आणि 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातील अशाच कक्षाला आग लागून दहा अर्भके मृत्युमुखी पडली, हे राज्य विसरलेले नाही. जेथे वीज कमी-अधिक होते आणि यंत्रे अहोरात्र चालतात, तेथे वायरिंगची तपासणी हा औषधोपचाराइतकाच उपचाराचा भाग होय. बांधकाम आणि वीज खात्याच्या अधिकाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे.

मग कक्षापर्यंत पोहोचणारच नाही त्या मुलाचे काय? याचे उत्तर महाराष्ट्रातच मिळाले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत थोडे शिकलेल्या स्थानिक स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या घरी जाऊन मूल मोजीत, उबदार पिशवीत ठेवीत, गुदमरलेल्या मुलास श्वास देत आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसताच जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. ग्रामीण स्त्रीच्या हाती सुई देण्यास त्या काळी अनेक जाणत्यांचा आक्षेप होता. परंतु 1993 ते 1998 या काळात तेथील नवजात मृत्युदर हजारी 62 वरून सुमारे 25 वर आला, आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. 2011 मध्ये भारत सरकारने घरपोच नवजात बालसेवा आशा सेविकांकडे सोपविली ती याच धर्तीवर: रुग्णालयात प्रसूती झाली असल्यास सहा भेटी, घरी झाली असल्यास सात, बेचाळीस दिवसांपर्यंत.

दुसरे उत्तर परदेशातून आले. 1978 मध्ये कोलंबियाच्या बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा तेथील डॉक्टरांनी हलकी मुले आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास प्रारंभ केला. हीच कांगारू मातासेवा. दिल्लीसह पाच देशांतील रुग्णालयांत झालेल्या आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एक ते सुमारे 1.8 किलोंच्या मुलांना जन्मताच, स्थिर होण्याची वाट न पाहता, अशी ऊब दिली असता मृत्यू चतुर्थांशाने घटले. आई आजारी असल्यास बाप, आजी, आत्या, कोणीही हे करू शकते. आणि जीपमधून किंवा झोळीतून मूल नेताना तर याला पर्यायच नाही. चादरीत गुंडाळून बाकावर ठेवलेले मूल जव्हारला पोहोचेतो गार झालेले असते.

दुधाबाबतही मुंबईचा दाखला जवळचा आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मानवी दुधाची पेढी सुरू केली. आशियातील ती पहिली. पावडरीच्या दुधापेक्षा दुसऱ्या मातेचे निर्जंतुक केलेले दूध हलक्या मुलास मानवते, हे तेथे प्रत्ययास आले.

मात्र सर्वांत स्वस्त अतिदक्षता ती प्रसूतीच्या आधीची. अकाली कळा सुरू झाल्यास गर्भाची फुप्फुसे पक्व करणारे डेक्सामेथासोनचे इंजेक्शन मातेस देता येते. 2014 च्या केंद्रीय सूचनांनुसार पुढे पाठविण्यापूर्वी पहिली मात्रा परिचारिकेनेही द्यावयाची आहे. यासाठी ती माता आपल्या नोंदीत हवी. इथेच मोखाड्याची खरी अडचण आहे. दिवाळी सरली की कातकरी, वारली, ठाकूर कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. पोटुशी बाई ऊन डोक्यावर घेऊन विटा वाहते, अमृत आहाराचे अंगणवाडीतील गरम जेवण मागे पाड्यावर राहते, आणि तिचे कार्डही पेटीत राहते.

कोण केव्हा गेले हे गावात सर्वांत आधी शिक्षकास कळते, कारण पटावरची मुले गैरहजर होऊ लागतात. त्याने आशा सेविकेस सांगावे, तिने प्राथमिक आरोग्य केंद्रास, केंद्राने भट्टीच्या तालुक्यास. ग्रामसभेच्या वहीत पुढील तीन महिन्यांत बाळंत होणाऱ्या स्त्रियांची संख्या, पावसात तुटणाऱ्या पाड्यांची नावे, आणि कोणाची गाडी रात्री निघू शकेल हे लिहिलेले असावे. तुटणाऱ्या पाड्यावरील मातेस दिवस भरण्याआधीच माहेरघरात आणून ठेवण्याची सोय शासनाने केली आहे. पण घरी लहान मुले आणि कोंबड्या टाकून ती येणार कशी, याचा विचार पाड्यानेच करावा लागतो. शेजारणीने आठ दिवस घर सांभाळले तर ती येते.