फूट, लेव्हल आणि ढाळ

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण महाराष्ट्रांत लहानथोरांच्या तोंडीं आहे. दोन्ही कार्यांत खर्च अंदाजाबाहेर जातो, एवढाच तिचा अर्थ बहुतेक लोक घेतात. परंतु या दोन कार्यांत आणखी एक साम्य आहे. दोन्हीकडे बोलणीं आधीं तोंडी होतात, दोन्ही पक्ष ‘ठरलें’ म्हणून उठतात, आणि नेमकें काय ठरलें हें पुष्कळदां कार्य पार पडल्यावरच उमगतें. श्रोते हो, आजच्या भाषणाचा विषय पहिल्या कार्यांतला, आणि त्यांतलाहि अगदीं पायांखालचा आहे: घरांतली फरशी, आणि ती बसविणारा गवंडी.

नाशिकहून आग्रा रस्त्यानें निघालें कीं सुमारें वीस किलोमीटरांवर ओझर लागतें. निफाड तालुक्यांतलें, बाणगंगेच्या कांठचें हें गांव. १९६४ सालीं हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना येथें आला, आणि द्राक्षें व कांदा पिकविणाऱ्या या मुलखांत कारखान्याचा भोंगा आणि नोकरदारांची वसाहत आली. महाराष्ट्रांतल्या इतर गांवांप्रमाणें येथल्याहि जुन्या घरांची जमीन एके काळीं मातीची, शेणानें सारवलेली असे. पुढें दगडी फरशी आली. दगडी फरशीची एक गंमत अशी कीं तिच्या जातीचें नांव हेंच तिच्या गांवाचें नांव असतें: शहाबादी कर्नाटकांतल्या शहाबादची, कडप्पा आंध्रांतल्या कडप्प्याचा, कोटा राजस्थानांतल्या कोट्याचा. आतां गुजरातेंतल्या मोरबीहून येणाऱ्या, भट्टींत भाजलेल्या चकचकीत फरशांचे दिवस आहेत.

या फेरबदलांत सोय झाली, स्वच्छता वाढली. पण एक गोष्ट हातची गेली. सारवलेली जमीन जी बाई करी, तीच ती वापरी. पाणी कोणत्या कोपऱ्यांत साचतें, पाय कोठें घसरतो, हें तिच्या हाताला रोज कळे, आणि चुकलेलें ती दुसऱ्या दिवशींच्या सारवणांत सुधारून घेई. फरशी आली, तेव्हां करणारा निराळा आणि वापरणारा निराळा झाला. दोघांच्या मध्यें शब्द आले. आणि जेथें शब्द येतात तेथें त्यांचे अर्थ दोन होण्याचीहि सोय येते.

ओझरमधल्या अशाच एका घराची कल्पना करावी. घरधनी विमानाच्या कारखान्यांत पस्तीस वर्षें नोकरी करून निवृत्त झालेले. आळींत त्यांना सर्व नाना म्हणतात. सारा जन्म त्यांनीं नकाशा पाहून काम केलें. मिलिमीटरचा शंभरावा भाग त्यांच्या हाताच्या ओळखीचा. घरांत त्यांची ऐंशी ओलांडलेली आई. ती काठी टेकीत चालते आणि खोल्यांमधल्या उंबरठ्यांना अडखळते. म्हणून फंडाच्या पैशांतून नानांनीं नवी फरशी करावयाचें ठरविलें: पुढली खोली, स्वयंपाकघर आणि मागची पडवी. पडवीच्या कडेला बसून आजी सकाळीं तोंड धुते, दोन भांडीं विसळते. गवंडी शेजारच्या खेड्यांतला, चाळिशींतला, हाताचा कसबी. त्याच्या वडिलांनींच या घराचा चौथरा बांधलेला. काम ठरलें तें फाटकाशीं, पांच मिनिटांत.

‘मिस्त्री, सगळं एका लेव्हलमध्यें पाहिजे. आईला कुठं पायरी लागतां कामा नये.’

‘पडवीसुद्धां, नाना?’

‘हो, पडवीसुद्धां.’

‘बरं. फुटाला तीस रुपये पडतील. माल तुमचा.’

‘चालेल.’

या संभाषणांत लबाडीचा शब्द एकहि नाहीं. तरी पंधरा दिवसांनीं दोघांचें बोलणें बंद झालें होतें.

आधीं ‘लेव्हल’ हा शब्द पाहावा. नानांच्या मनांत लेव्हल म्हणजे सलग जमीन. एका खोलींतून दुसरींत जातांना पाय उचलावा न लागणारी. गवंड्याच्या धंद्यांत लेव्हल म्हणजे समतल. तिच्यावर पाणी ओतलें तर तें कोणत्याहि बाजूला न वळणारी. या दोन गोष्टी एक नव्हेत. जमीन सलग असून उतरती असूं शकते, आणि पडवीला, न्हाणीला, मोरीला तशीच जमीन लागते. त्या उताराला धंद्यांत ढाळ म्हणतात आणि तो सुतांत मोजतात. एका इंचांत आठ सूत. फुटाला एक सूत, म्हणजे सुमारें शंभरास एक, असा ढाळ दिला कीं पाणी आपोआप बाहेरची वाट धरतें. आठ फूट रुंदीच्या पडवीला हा ढाळ एकंदर एक इंच होतो. दाराशीं फरशी खोलीच्या बरोबरीनें आणि बाहेरच्या कडेला एक इंच खालीं, एवढें झालें असतें तर नानांची इच्छाहि पुरी झाली असती आणि पाणीहि गेलें असतें.

झालें निराळेंच. गवंड्यानें पाणी भरलेली पारदर्शक नळी धरून भिंतींवर खुणा केल्या. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतें, त्यामुळें ही पाणसळ कधीं खोटें बोलत नाहीं. त्या खुणांवरून त्यानें पडवी इतकी समतल बसविली कीं कसबाचा नमुना म्हणून दाखवावी. तिसऱ्या सकाळीं त्या गुळगुळीत फरशीवर पाणी साचलें, आजीचा पाय घसरला आणि मनगट मोडलें.

गवंड्याला हें कळत नव्हतें काय? कळत होतें. ‘पडवीसुद्धां, नाना?’ हा प्रश्न त्यासाठींच होता. त्याच्या समजुतीप्रमाणें त्यानें विचारलें, आणि नानांच्या समजुतीप्रमाणें त्यांनीं उत्तर दिलें. त्यापुढें ‘पाणी साचेल’ हे दोन शब्द त्याच्या तोंडून निघाले नाहींत. समोरचा माणूस वयानें वडील, विमानें बनविणाऱ्या कारखान्यांतला. त्याला जमिनीचा ढाळ काय शिकवावा, असा संकोच आडवा आला. मग तो नुसतें ‘बरं’ म्हणाला. मराठींतला हा ‘बरं’ मोठा सोयीचा शब्द आहे. ‘समजलें’, ‘ऐकलें’, आणि ‘पटत नाहीं, पण तुम्ही म्हणतां तर तसें’, असे तिन्ही अर्थ त्यांत मावतात. ऐकणारा मात्र त्यांतला पहिलाच अर्थ घेतो.

दुसरा शब्द ‘फूट’. दशमान मापांचा कायदा भारतांत १९५६ सालीं झाला, तरी गवंड्याची टेप आजहि फुटांतच बोलते; आणि फूट दोन प्रकारचे आहेत. जमीन मोजावयाची ती चौरस फुटानें. भिंतीच्या पायथ्याशीं चार इंच उंचीची जी पट्टी लावतात, तिला स्कर्टिंग म्हणतात. ती लांबीच्या फुटानें, म्हणजे रनिंग फुटानें मोजण्याचा प्रघात आहे. नानांची पुढली खोली बारा बाय पंधरा, स्वयंपाकघर दहा बाय बारा, पडवी आठ बाय दहा. एकंदर ३८० चौरस फूट. तीस रुपयांनीं ११,४०० रुपये झाले, तेवढेच नानांनीं काढून ठेवले होते. गवंड्यानें दारांची जागा वगळून पट्टी मोजली ती १२० फूट भरली. तिचे ३,६०० रुपये धरून त्यानें १५,००० रुपये मागितले. ‘पट्टी तर फरशींतच आली,’ असें नाना म्हणाले. ‘पट्टी कापायला आणि लावायला जमिनीपेक्षां जास्त वेळ जातो,’ असें गवंडी म्हणाला. दोघांचेंहि खरें होतें. फूट या मापानें अशी घरोघर फूट पाडली आहे.

दुकानदाराकडेहि तोच प्रकार. ज्या फरशीला बाजारांत ‘दोन बाय दोन’ म्हणतात ती पुष्कळदां साठ सेंटिमीटरांची असते, आणि दोन फूट म्हणजे जवळजवळ एकसष्ट सेंटिमीटर. चार फरशांच्या पेटींत १६ चौरस फूट माल आहे असें गिऱ्हाईक धरतो; प्रत्यक्षांत तो साडेपंधरा असतो. नानांनीं ३८० ला १६ नें भागून २४ पेट्या आणल्या. त्या ३७२ चौरस फूट भरल्या, आणि कापण्यांत जाणारी तूट निराळीच. शेवटीं माल कमी पडला. मागाहून आणलेली पेटी दुसऱ्या घाण्याची निघाली आणि तिचा रंग किंचित् फिका आला. नानांना वाटलें, गवंड्यानें माल फोडून वाया घालविला.

आतां या सर्वांत दोष कोणाचा? येथें कायद्याचें एक कलम ध्यानांत घेण्याजोगें आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या तेराव्या कलमांत संमतीची व्याख्या दिली आहे. दोन माणसें एकाच गोष्टीला एकाच अर्थानें कबूल होतील तरच ती संमति, असा तिचा आशय. एकच शब्द दोघांनीं उच्चारला, एवढ्यानें संमति होत नाहीं.

या तत्त्वाचा सर्वांत गाजलेला दाखला मुंबईच्या कापसाचा आहे. अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असतां हिंदुस्थानच्या कापसाला इंग्लंडांत मोठी मागणी आली. ‘पीअरलेस’ नांवाच्या जहाजानें मुंबईहून येणारा सुरती कापूस घेण्याचा एक सौदा तेव्हां झाला. पण पीअरलेस नांवाचीं जहाजें दोन होतीं. एक ऑक्टोबरांत मुंबईहून निघालें, दुसरें डिसेंबरांत. घेणाऱ्याच्या मनांत पहिलें, देणाऱ्याच्या मनांत दुसरें. खटला झाला, आणि १८६४ सालीं इंग्लंडच्या न्यायालयानें घेणाऱ्याच्या बाजूनें निकाल दिला. डिसेंबरच्या जहाजाचा माल घेण्यास तो बांधलेला नाहीं, असें ठरलें.

कापसाच्या गांठी नाकारतां येतात. सिमेंटांत बसलेली फरशी परत करतां येत नाहीं, हीच घरकामांतली खरी अडचण. त्याच कायद्याचें सत्तरावें कलम सांगतें कीं फुकट करावयाचें नाहीं अशा हेतूनें एखाद्यानें कायदेशीरपणें काम केलें आणि दुसऱ्यानें त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्यानें त्याची भरपाई केली पाहिजे. घरमालक त्या फरशीवर रोज चालत असेल तर मजुरी मुळींच देत नाहीं असें त्याला म्हणतां येणार नाहीं. त्या मजुरींतून गवंड्याला आपल्या बिगाऱ्यांचे पैसे द्यावयाचे असतात, आणि मालकाशीं तंटा झाला म्हणून बिगारी थांबत नाहींत. तथापि कोर्टाची पायरी चढून १,२०० किंवा ३,६०० रुपयांचा निवाडा मिळाला, तरी पडवींतलें पाणी त्यानें हलत नाहीं.

नानांच्या घरीं हा गुंता सोडविला तो आजीनें. गवंडी राहिलेले पैसे मागावयास आला, तेव्हां ती हात गळ्यांत बांधून खाटेवर बसली होती. दोघांचे आवाज चढलेले ऐकून ती म्हणाली, ‘मला कुणी विचारलंच नाहीं. फरशी येण्याआधीं ती पडवी मी चाळीस वर्षं सारवली. पाणी पेरूच्या अंगाला जायचं.’ मग तिनें तांब्याभर पाणी मागवून तें पडवींत ओतविलें. पाणी जेथल्या तेथें पसरलें आणि थांबलें. नाना आणि गवंडी दोघेहि तें पाहत उभे राहिले. एकाला सलग हवें होतें, दुसऱ्यानें समतल दिलें होतें, हें पंधरा दिवसांच्या वादानें जें कळलें नव्हतें तें तांब्याभर पाण्यानें कळलें.

त्यानंतर तडजोड अवघड गेली नाहीं. पडवीची फरशी उखडून खरबरीत फरशी, फुटाला एक सूत ढाळानें, बसवावयाची. माल नानांचा, मजुरी गवंड्यानें सोडावयाची. पट्टी रनिंग फुटानेंच मोजावयाची, पण अर्ध्या दरानें. तिचे १,८०० रुपये झाले. गवंड्याच्या हातीं एकंदर १३,२०० रुपये आले. दोघांनाहि थोडी झळ लागली. आजीच्या मनगटाची भरपाई मात्र कोणत्याच हिशेबांत बसली नाहीं.

यावरून घरकाम काढणाऱ्या कुटुंबांनीं घेण्याजोगा बोध फार मोठा नाहीं, पण उपयोगाचा आहे. काम ठरवितांना शब्द सांगून थांबूं नये, जागेवर जावें. खडूनें भिंतीवर फरशीची उंची आखून घ्यावी, म्हणजे नव्या फरशीनें दारें घासतील कीं काय हेंहि तेव्हांच कळेल. पाणी कोणत्या बाजूनें जावयाचें तें हातानें दाखवावें. दर ठरला कीं तो कोणत्या फुटाचा, पट्टी त्यांत धरली कीं निराळी, तूटफूट कोणाची, हें चार ओळींत मराठींतच लिहून दोघांनीं जवळ ठेवावें. सिमेंट पडण्यापूर्वीं दोनचार फरशा कोरड्याच मांडून पाहाव्या, आणि पेट्या मोजतांना वरचा आंकडा वाचावा. त्या जमिनीवर ज्यांचा दिवस जावयाचा त्या घरांतल्या बायका आणि म्हातारीं माणसें यांना आधीं विचारावें.

आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे गवंडी ‘बरं’ म्हणाला कीं त्यावर समाधान मानूं नये. ‘मिस्त्री, तुम्ही हें कसं करणार तें जरा सांगा,’ असें त्याला विचारावें आणि तो सांगेल तें पुरतें ऐकून घ्यावें. शिकलेल्या माणसापुढें कारागीर संकोचतो. त्याला बोलतें करण्याची जबाबदारी शिकलेल्यावर अधिक आहे. त्याच्या बोलण्यांत ढाळ, सूत, पाणसळ असे शब्द येतील. ते न समजले तर तेथल्या तेथें विचारावेत. त्याला पांच मिनिटें अधिक लागतील, परंतु फरशी एकदां सिमेंटांत बसल्यावर तीं पांच मिनिटें कोणत्याहि किंमतीला मिळत नाहींत.